उष्ट्याचं व्रत

त्या दिवशी धुकं असं दाट होतं, की मडकी भाजायच्या माझ्या आव्याचा धूर कुठं संपतो आणि धुकं कुठं सुरू होतं, ते मलासुद्धा कळेना. पौषातली सकाळ. नदी ऐकू येत होती, दिसत नव्हती. शेवग्याची फुलं गळत होती, तीही खाली पडेपर्यंत दिसायची नाहीत. पडली की मातीवर पांढरं काहीतरी उगवल्यासारखं वाटायचं.

तो शेवगा माझ्या आणि बाबांच्या मधला. अलीकडे माझं चाक आणि मातीचा ढीग, पलीकडे बाबांची झोपडी. भिंत नाही, कुंपण नाही. इतकी वर्षं आम्ही असेच शेजारी.

गाव त्यांना भोपळेबाबा म्हणायचं. वाळल्या भोपळ्याच्या भांड्यात जेवायचे, म्हणून. सकाळी गावातून फिरून यायचे. कुणी भाकरी घालायचं, कुणी भाजी, कुणी चटणी. सगळं त्या एका भोपळ्यात.

"वेगळं वेगळं ठेवा की बाबा," असं मी एकदा म्हटलं होतं.

"पोटात कुठं खोल्या आहेत, सावळा?" म्हणाले.

तर त्या सकाळी धुक्यातून आधी आवाज आला.

"बाबा, आता काय सोडू?"

मग माणूस आला. मार्तंड. गावातली पिठाची गिरणी त्याची. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गळ्यात माळ. धुक्यात तो जवळजवळ नव्हताच. गालाची हाडं तेवढी पुढं आलेली.

बाबा नुकतेच गावातून आले होते. भोपळा भरलेला, मांडीवर. जेवायला हात धुवत होते.

"काय म्हणालास?"

"आता काय सोडू, ते विचारायला आलो. आधी कांदा-लसूण सोडला. मग तिखट. मग मीठ. मग धान्य सोडलं. गिरणीत दिवसभर दळतो, पण पिठाचा कण जिभेला लावला नाही, बाबा. उपवासाची भगर होती, तीही गेली. आता दुधाचा घोट आणि एखादं केळं. त्यातलं काय सोडू, सांगा."

हे सगळं त्यानं असं सांगितलं, जसं एखादा घरातल्या गाई-म्हशींची नावं सांगतो.

बाबांनी ओले हात झटकले.

"आणि चहा?"

"चहा... घेतो. चहा उपवासाला चालतो."

"चालतो, चालतो," बाबा म्हणाले. "चहाला पाय असतात."

मी चाकाशी बसून हसलो. मार्तंडानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या मडक्यांकडे. मडकी आणि मी त्याला सारखेच.

तो खाली बसायला वाकला आणि त्याला भोवळ आली. शेवग्याचा बुंधा धरून उभा राहिला. बुंधा हलला, वरून फुलं सांडली त्याच्या डोक्यावर.

"असं होतं कधी कधी," तो म्हणाला. "शरीर मागं राहतं. आत्मा पुढं जातो."

"कुठवर गेलाय?"

"म्हणजे?"

"आत्मा. गिरणीच्या पुढं गेला का?"

खरं सांगायचं तर मार्तंड दुसऱ्याच गोष्टीसाठी आला होता. गावात बोलणं होतं, बाबा थकले, आता कुणाच्या तरी कानात मंत्र सांगतील, कुणाला तरी शिष्य करतील. मार्तंडाला वाटायचं, आपल्याशिवाय आहे कोण? गिरणीवर आलेल्या बाया आधी त्याच्या पाया पडत आणि मगच दळण ठेवत. तोही पाय मागं घ्यायचा नाही.

"मला शिष्य करा, बाबा," शेवटी तो म्हणाला. "सगळ्यांत कडक व्रत द्या. पारखून घ्या मला."

बाबांनी भोपळ्यातली भाकरी दोन बोटांनी उलटी केली, सुलटी केली.

"घरी काय म्हणतात?"

"घरी काय म्हणणार? यमुना माझ्यामागं आहे. मी खात नाही म्हटल्यावर ती एकटीसाठी चूल कशाला पेटवेल? तीही चहावरच भागवते."

"आणि पोर?"

"वेणू? तिचं काय... चहात पाव बुडवून खाते. बिस्कीट खाते. लेकराचं पोट ते केवढं." मग आठवल्यासारखं करून म्हणाला, "हां, यमुनेनं तिला माझ्याबरोबर धाडलंय. एखादा गंडा बांधा म्हणते. पोर माती खाते."

"कुठं आहे?"

मार्तंड मागं वळला.

मागं धुकं होतं.

"वेणू!"

नदीचा आवाज आला. वेणूचा नाही.

"वेणू! आत्ता इथं होती... माझं बोट धरून..."

नदी माझ्या घरापासून लांब नाही. काठ निसरडा आहे. मी उठलो. माझे गुडघे लवकर उठत नाहीत, पण त्या वेळी उठले. मार्तंड काठाकडे धावला, परत आला, पुन्हा धावला. धुक्यात त्याचं पांढरं धोतर दिसायचं, पुसलं जायचं.

बाबा मात्र हललेही नाहीत. कान देऊन ऐकत होते.

"सावळा," ते हळूच म्हणाले. "तुझ्या ढिगाकडे कुणीतरी काहीतरी चाखतंय."

माझ्या मातीच्या ढिगाआड ती बसली होती. असेल पाच-सहा वर्षांची. फ्रॉकवर स्वेटर, पाय उघडे. मी गाळून ठेवलेल्या ओल्या मातीत तिनं बोट बुडवलं होतं आणि डोळे मिटून ते चोखत होती. इतक्या शांतपणे, की मला तिला हाक मारवेना. झोपेत हसणाऱ्या लेकराला उठवावंसं वाटत नाही, तसं.

मार्तंडाला मात्र वाटलं. तो आला तोच हात उगारून.

"कितीदा सांगितलं! पुन्हा माती? पुन्हा?"

हात खाली आलाच नाही. मध्ये भोपळा आला. बाबा कधी उठले, कधी आले, कळलं नाही. भोपळा मार्तंडाच्या हातात देऊन ते पोरीशेजारी मातीतच बसले. आणि त्यांनीही बोट बुडवलं.

चाखलं.

"हं," म्हणाले. "चांगली आहे."

वेणूनं डोळे उघडले. कुणी तरी बरोबर बसून खाईल, असं तिला वाटलं नसावं.

"भिंतीची जास्त चांगली असते," ती म्हणाली.

"कुठली भिंत?"

"न्हाणीची. ओली झाली की."

"आणि पाटीवरची पेन्सिल?"

"ती पण. पण ती संपते."

"खरंय. संपते." बाबांनी तिचा हात हातात घेतला, तळवा उघडला. तळवा शेवग्याच्या फुलासारखा होता. तांबडेपणा कुठं नव्हताच. मग अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची कातडी हळूच ओढून बघितली. तिथंही तसंच.

माझ्याकडे गरवार बाया येतात, भाजल्या मातीचे खडे मागायला. मी खडा देतो आणि दवाखान्यात जा म्हणूनही सांगतो. त्यांचेही तळवे असेच असतात. पण हे तर लेकरू...

"गंडा द्या, बाबा," मार्तंड म्हणाला. आता आवाज जरा खाली आला होता.

"गंडा माझ्याकडे नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे आहे. लाल असतो. बाटलीत असतो. आज दुपारीच जा. पोटातल्या जंतांचंही विचार. आणि बायकोलाही ने, तिचाही तळवा त्यांना दाखव."

"जातो. पण बाबा, माझं..."

"तुझं काय?"

"व्रत."

बाबा पोरीच्या डोक्यावरचं शेवग्याचं फूल काढत होते.

"कडक हवं?"

"सगळ्यांत कडक."

"झेपेल?"

"आजवर एकही मोडलं नाही."

"मग सोड उदक."

मार्तंडानं भोपळा खाली ठेवला, मी माठातलं पाणी त्याच्या ओंजळीत घातलं. व्रत काय ते ऐकून मग पाणी सोडतात. मार्तंडानं ऐकायच्या आधीच सोडलं. डोळे मिटून, मान ताठ करून. पाणी मातीत गेलं.

"आजपासून तू फक्त उष्टं खायचंस," बाबा म्हणाले.

मार्तंडाचा चेहरा फुलला. गुरूचं उष्टं म्हणजे प्रसाद. ते ज्याला मिळतं, त्याला सगळं मिळालं. भोपळा त्याच्यापुढं होताच. तो उचलून त्यानं कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"तुमचं उष्टं, बाबा..."

"माझं कशाला?" बाबांनी भोपळा त्याच्या हातातून घेतला आणि वेणूच्या पुढ्यात ठेवला. "हिचं."

आव्यात एक मडकं तडकल्याचा आवाज झाला.

"हिनं आधी खायचं. उरेल ते तुझं. हिनं ज्याला तोंड लावलं नाही, ते तुला वर्ज्य. ही उपाशी, तर तू उपाशी. घरी, बाजारात, लग्नाच्या पंगतीत... सगळीकडे."

"बाबा, ती लेकरू आहे!"

"म्हणून तर कडक."

"आणि ह्यात मीठ आहे. कांदा आहे. बाजरीची भाकरी आहे. माझी आधीची व्रतं मोडतील."

"पाणी कशावर सोडलंस?"

मार्तंड ओल्या मातीकडे बघत बसला.

भोपळ्यात त्या दिवशी बाजरीची भाकरी होती, शेवग्याच्या पाल्याची भाजी होती, तिळाची चटणी होती, गुळाचा खडा होता. पाला माझ्याच घरचा. माझ्या म्हातारीनं सकाळी परतलेला.

"खा," मार्तंड पोरीला म्हणाला.

वेणूनं ओठ मिटले.

"खा म्हटलं ना!"

ओठ आणखी आत गेले.

"पूजेच्या ताटापुढं असाच ओरडतोस का रे?" बाबांनी विचारलं.

मार्तंडाच्या पोटातून गुरगुर आवाज आला. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. वेणूनंही. तिला हसू आलं.

"मला चहा पाहिजे," ती म्हणाली.

"चहा?" बाबा गंभीर झाले. "चहा प्यायला आधी डोक्याला शिंगं यावी लागतात. आलीत का, बघू?" त्यांनी तिचं डोकं चाचपलं. "नाहीत अजून."

"आप्पांना कुठं आहेत?"

"होती. आत्ताच गळली."

वेणूनं बापाच्या डोक्याकडे नीट बघितलं. तिथं फुलं होती.

मार्तंडानं मात्र भलतंच ऐकलं होतं. "म्हणजे... ही चहा पिणार नाही, तर मलाही... बाबा, चहासुद्धा?"

"काय सोडू, हेच विचारायला आला होतास ना?"

धुकं आता हलायला लागलं होतं. नदीवरून उठून झाडात शिरत होतं, झाडातून आमच्यात. भोपळा मध्ये, भोवती आम्ही चौघं. कुणी हात लावीना. भाकरी गार होत होती.

"हिला आवडतं काय?" बाबांनी विचारलं.

काय काय सोडलं, ते मार्तंडाला ओळीनं पाठ होतं. हे त्याला येईना. तो पोरीकडे बघत राहिला. गिरणीत एखाद्याचं दळण हरवावं आणि सगळ्या डब्यांत हात घालून शोधावं, तसा तिच्या चेहऱ्यावर शोधत होता.

"काय आवडतं गं तुला?" त्यानं विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटला.

वेणूनं खाली बघितलं. अगदी हळू म्हणाली,

"करपलेलं."

"काय?"

"भाकरीचं... वरचं. काळं काळं. कुडकुड वाजतं ते. आई काढून टाकायची."

मार्तंडानं भाकरी उचलली. इतक्या दिवसांनी भाकरीला हात लागला होता. दळणारी बोटं ती, त्यांना दाण्याची सवय, भाकरीची नाही. त्यानं पापुद्रा सोडवला. जिथं करपलं होतं, तेवढा तुकडा वेगळा केला. कशात बुडवावा, कळेना. बाबा मदतीला आले नाहीत. मीही गेलो नाही.

मग त्यानंच तिळाची चटणी त्यावर घातली, आत पाल्याची भाजी कोंबली, गुळाचा कण ठेवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

तिनं वास घेतला.

चावलं.

कुडकुड आवाज झाला.

आम्ही तिघे म्हातारे त्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो. मार्तंड म्हातारा नव्हता, पण त्या वेळी दिसत होता.

दुसरा घास तिनं मागितला नाही. पण तोंड उघडं ठेवलं.

खाऊन झाल्यावर थोडी भाकरी उरली, बोटभर भाजी उरली. वेणूनं भोपळा बापाकडे सरकवला.

"हे तुमचं."

मार्तंडानं घास घेतला. मीठ लागलं असणार. त्यानं डोळे मिटले. मघाशी वेणू माती चाखताना मिटून बसली होती, तसेच.

बाबांना त्या दिवशी जेवायला काही उरलं नाही. ते उठले, नदीकडे गेले. धुक्यानं त्यांना घेतलं.

मग दिवस गेले. शेवग्याची फुलं संपली, शेंगा धरल्या.

मी मडकी विकायला गावात जातो, तेव्हा कानावर यायचं. नर्सबाईंनी लाल औषध दिलं, जंतांची गोळी दिली. यमुनेलाही गोळ्या दिल्या आणि रागावल्यासुद्धा. मार्तंड बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन हिंडतो, हरभऱ्याचा पाला हुंगून घेतो, गाजर मोडून बघतो. यमुनेची चूल दोन्ही वेळ पेटते. तिघं एका ताटाभोवती बसतात.

बाया आता त्याच्या पाया पडेनात. "लेकीचं उष्टं खातो, आणि म्हणे व्रत," असं म्हणून तोंडाला पदर लावायच्या.

एकदा मी स्वतःच बघितलं. गिरणी बंद, पट्टा थांबलेला, दारात दळणाची रांग. आणि मार्तंड उंबऱ्यावर ताट घेऊन पोरीच्या मागं.

"एक घास वेणू. मला लई भूक लागलीय."

"आधी गोष्ट."

"अगं, लोक खोळंबलेत."

"मग राहा उपाशी."

"बरं बाई. एक होता कावळा..."

रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अरे मार्तंडा, तुझ्या कावळ्यापायी आमची पोरं भुकेली राहतील!" सगळे हसले. मार्तंडही हसला. पण गोष्ट त्यानं पुरी केली.

आणि मग एका सकाळी तो पुन्हा आला. धुकं नव्हतं, उन्हाची झळ होती. नदी आटून दूर गेली होती आणि तिच्यावर हवा नुसती थरथरत होती. मार्तंडाच्या अंगावर मांस आलं होतं. बोटाला वेणू होती. तिचे कान उन्हात तांबडे दिसत होते.

तो बाबांच्या पुढं बसला. भोवळ आली नाही.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"ह्या व्रताचं उद्यापन कधी?"

बाबांनी भोपळा जवळ ओढला.

"नाही, जमतंय मला. मोडलं नाही एकदाही. पण ती रुसली की मी उपाशी. ती मामाकडे गेली, तर मीही मागोमाग गेलो, बाबा. पाहुणे हसले. म्हणून म्हटलं... संपलं असेल, तर मंत्र..."

बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या खांद्यावरून माझ्या ढिगाकडे बघत होते.

मार्तंड वळला.

वेणू मातीत बसली होती. हातात ओल्या मातीचा गोळा.

तो ताडकन उठायला गेला. बाबांनी त्याचं मनगट धरलं. जुन्या माणसाची पकड ती, त्याला सुटेना. मनगटातली शीर उडताना मला इथून दिसत होती.

वेणूनं गोळा नाकाशी नेला.

माझं चाक थांबलं.

तिनं वास घेतला. गोळा खाली ठेवला. आणि तळव्यानं थापायला लागली.

थाप, थाप, फिरव. थाप, थाप, फिरव. बाजरीची भाकरी थापतात तशी. यमुनेला बघून शिकली असणार. मग आव्यातल्या जळक्या काडीनं त्यावर काळे डाग करायला लागली, करपल्याचे. शेवग्याचा पाला चुरडून भाजी केली. माझ्या एका फुटक्या खापरात तिनं ते सगळं वाढलं, स्वतः पुढं बसली, तोंडानं मच मच आवाज केला, हात झटकला आणि खापर उचलून बापाकडे घेऊन आली.

"माझं झालं, आप्पा. उरलेलं तुमचं."

मार्तंडानं खापराकडे बघितलं. मग बाबांकडे.

बाबांनी त्याचं मनगट सोडलं होतं.

मार्तंडानं मातीच्या भाकरीची कड मोडली. जिथं काडीनं काळं केलं होतं, तिथली. पाला त्यात गुंडाळला. आणि तोंडात टाकला.

"आप्पा!" वेणू किंचाळली. "खोटं खोटं खायचं असतं!"

ती हसायला लागली. हसता हसता मातीत बसली. मार्तंड चावत होता. ओठांना चिखल, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोही हसत होता. त्याला थांबता येईना.

मंत्राचं तो विसरला. उद्यापनाचंही. पोरीला खांद्यावर घेऊन तसाच चिखलाच्या तोंडानं गावाकडे निघाला. लांबवर गेल्यावर त्या थरथरत्या उन्हात ती दोघं एकच कुणीतरी उंच माणूस असल्यासारखी दिसत होती.

मला काही राहवलं नाही. मी शेवग्याखालून बाबांकडे गेलो.

"बाबा, पोरीची सुटली आणि आता हा माती खायला लागला."

बाबा भोपळा धूत होते. धुऊन उपडा घातला. हात पुसले.

"खाऊ दे, सावळा," ते म्हणाले. "त्याला आत्ता कुठं भूक लागलीय."